आत वळणारं हत्यार

तोंड दीड इंचाचं, पोट सात इंचांचं,
असा गडू मला लाकडात हवा होता.
सरळ पटाशी तोंडातून आत जाते,
खांद्याखाली वळत नाही.

म्हणून बुधवारी जुन्या बाजारात गेलो.
हनीफच्या गोणपाटावर
स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरचे दांडे पडले होते,
पाच सुताचे, वरून क्रोम, आत पोलाद.
"काय करणार काका?"
"वाकवणार."
तो हसला, आणि वीस रुपये जास्तच लावले.

भोसरीत छत्तीस वर्षं टूलरूममध्ये गेली.
तिथं ड्रॉइंग दुसऱ्याचं, सही तिसऱ्याची,
मायक्रॉन तेवढे माझे.
आता ड्रॉइंगही माझं,
लाइटबिलाच्या पाठीवर:
हंसाची मान काढली, खोडली,
पुन्हा काढली, थोडी कमी गर्विष्ठ.

नियम एकच.
मान कुठंही हिंडून येवो,
टोक परत दांड्याच्या रेषेवर आलं पाहिजे.
नाही आलं तर लाकूड त्याला धरतं
आणि पिळतं, मनगटासकट.
हे कागदावर मला कळत होतं.
मनगटाला डिसेंबरात कळलं.

क्रोम घासून काढला, दांडा दौलतकडे नेला.
पर्वतीच्या पायथ्याला त्याची भट्टी,
कोयते, खुरपी, गेटांच्या बिजागऱ्या.
लाइटबिल त्यानं उलटंसुलटं पाहिलं,
रक्कम वाचून म्हणाला, बरंच येतं की तुम्हाला.
मग केशरी झालेला दांडा
दोनदा वाकवला, एकदा माझ्या सांगण्यानं,
एकदा माझं न ऐकता.
दुसरा बाक बरोबर निघाला.

टोकाला टूलबिटचा तुकडा,
ग्रब स्क्रूनं आवळलेला.
तो कंपनीतला.
निवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेला होता.
राहून गेला, असंच म्हणतो मी.

मूठ म्हणजे दोन फुटी पाइप,
त्यात बोहरी आळीतून आणलेले शिशाचे छर्रे, गच्च,
कंप मरावा म्हणून.
सगळे तसंच करतात.

ओंडका सिंहगड रस्त्यावर तोडलेल्या रेनट्रीचा.
आत काही दिसत नाही, भुसा आणि काळोख.
कानानं कोरायचं असतं:
भिंत जाड तोवर आवाज जाड,
पातळ होत जाते तसा चढत जातो.
माझ्या कानांत वरचे सूर पोचत नाहीत.
टूलरूमच्या भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं, तीन पाळ्या.
दाराची बेल मला कुमुदच्या चेहऱ्यावरून कळते.

ती चहा घेऊन आली तेव्हा
तिच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणत होती,
अहो, किंचाळतंय ते.
तेवढ्यात पोटाला भगदाड पडलं.
एक काप उडून कपबशीत.
ऊन आत शिरलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं
आत मी काय करत होतो:
पायऱ्या, पायऱ्या, एक खड्डा.

दोन दिवस शेडकडे फिरकलो नाही.
तिसऱ्या दिवशी मुठीचं बूच काढलं
आणि छर्रे ओतून टाकले, सगळे.

रिकामी मूठ काखेत धरली, बरगडीला टेकवून.
लेथ सुरू केलं.
आधी गुरगुर, पोटात.
मग कोपरात मुंग्या.
मग हळूहळू ते वर सरकलं,
खांदा, गळा,
आणि दाढेच्या चांदीत काहीतरी बारीक झिणझिणलं.
तिथं थांबलो.

कॅलिपर घातला: भिंत दीड सूत.
खांद्याखालीही दीड सूत.
बुडाला दोन, तिथं मीच भ्यालो.

छर्रे आता बोर्नव्हिटाच्या बरणीत आहेत,
गच्चीवर कुमुदच्या पापडांचा कागद दाबून धरतात.
तिनं गडूला टिचकी मारली,
डोळे मिटून ऐकलं, म्हणाली, छान वाजतो.
मी तळहात ठेवला.
पुन्हा मार, म्हटलं.

मानेला अजून अर्धा सूत बाक हवा.
दौलत शनिवारी असतो.